भावोजींचं टाकं

माझे भावोजी दिगंबरराव ह्यांना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जेवायला बसले तरी एक कान न्हाणीघराकडे. तिथे नळ ठिबकल्याची शंका आली की पानावरून उठायचे, उजवा हात खरकटा तसाच, डाव्या हाताने तोटी आवळून यायचे, आणि पुढचा घास घेण्याआधी ताईला विचारायचे की मगाशी आत कोण गेलं होतं. घरात माणसं दोनच. ताई, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण हेमा, वरण वाढता वाढता म्हणायची, "भूत गेलं होतं." भावोजींना ते पटायचं नाही, पण निदान भूत तोटी नीट बंद करत नाही एवढं ते मनात नोंदवून ठेवत असावेत.

आम्ही दोघी बहिणी कोलकात्यातच जन्मलो, बागबाजारला. आजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात चौबाच्चा होता, म्हणजे सिमेंटचा चौकोनी हौद, आणि तो रात्रंदिवस काठोकाठ भरून वाहत असायचा. पाणी संपतं ही गोष्ट आम्हांला शाळेच्या भूगोलातूनच कळली. अशा घरात जत तालुक्यातल्या एका वाळून गेलेल्या गावातून आलेला, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट असलेला जावई आला. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवराबायकोचं वाजलं ते एका बादलीवरून. ताईने आंघोळ झाल्यावर बादली धुऊन पालथी घातली. आमच्याकडे तशीच घालायचे, बादली बुळबुळीत होऊ नये म्हणून. भावोजींनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा असा उतरला की ताईला वाटलं, गावाहून काही वाईट बातमी आली. "ह्या घरात बादली पालथी घालायची नाही," एवढंच ते म्हणाले, आणि ती सुलटी करून भरून ठेवली.

तेव्हापासून त्यांच्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये बादल्या वाढतच गेल्या. न्हाणीघरात तीन, स्वयंपाकघरात ओट्याखाली पातेली, पलंगाखाली बाटल्या, आणि कारखान्यातून आणलेले रंगाचे रिकामे डबे बाल्कनीत, सगळे भरलेले. पावसाळ्यात डेंग्यूसाठी कॉर्पोरेशनच्या बायका साठवलेलं पाणी तपासायला घरोघर फिरतात. त्या जिन्यात दिसल्या की भावोजी बादल्यांवर चादरी टाकायचे आणि पलंगावर पाय खाली सोडून बसायचे, पाय अशासाठी की बाटल्या दिसू नयेत. त्यांचं ते बसणं मी बसण्यात धरत नाही.

बालीगंजच्या गल्ल्यांत रस्त्यावर नळ आहेत, पाणी आलं की ते जाईपर्यंत वाहत राहणारे. बहुतेकांना तोट्याच नसतात. भावोजी सकाळी फिरायला निघायचे ते खिशात लाकडी बुचं घेऊन. सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत बसून ती तासायची, आणि दिसेल त्या नळात ठोकायची. दुपारपर्यंत लोक ती उपटून फेकायचे. दुसऱ्या दिवशी भावोजी पुन्हा हजर. पाड्यातली, म्हणजे आसपासच्या वस्तीतली, माणसं त्यांना काय म्हणत असत ते मी इथे लिहीत नाही. मला बंगाली उत्तम येतं आणि ताईलाही.

ह्या बुचांचं मूळ मला ठाऊक आहे. त्यांची आई एकदाच कोलकात्याला आली होती. काटक बाई, बोलणं थोडं. आम्ही तिला कालीघाटला न्यायला निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी असा एक उघडा नळ धो धो वाहत होता. ती थबकली. इकडेतिकडे पाहिलं, कोणी बंद करायला येत नाही असं दिसल्यावर पुढे झाली आणि तिने नळाच्या तोंडावर तळवा दाबून धरला. पाणी बोटांतून फवारे मारत होतं, लुगडं भिजत होतं, आणि ती हात काढायला तयार नव्हती. माणसं जमली, हसायला लागली. मी म्हटलं, मावशी, चला, हे पाणी जाईलच थोड्या वेळाने. तिने मान हलवली, पण हात तसाच ठेवला. शेवटी भावोजींनी तिला दंडाला धरून, जवळजवळ ओढत वर नेलं. कालीघाट राहिलं. दुसऱ्या दिवशी ती गावी परत गेली आणि त्यानंतर कधी आली नाही. वर्षभराने तर ती गेलीच.

असा माणूस निवृत्त झाला आणि त्याने शहराबाहेर सोनारपूरच्या बाजूला प्लॉट घेऊन घर बांधलं. जमीन सखल; तिथे पूर्वी डबकं होतं असं शेजारी सांगत. घर लहानसंच, मागे बागेपुरती मोकळी जागा. ठरलेलं असं होतं की घर दोघांचं, बाग ताईची. ताईने सगळा संसार तिसऱ्या मजल्यावर केलेला. बागबाजारचं घर पाडलं तेव्हा अंगणातल्या पारिजातकाखालचं एक रोप तिने उचलून आणलं होतं. ते बालीगंजच्या बाल्कनीत रंगाच्या डब्यात होतं. डब्याच्या बुडाला भोक पाडलेलं, त्यातून मुळं बाहेर येऊन लादीवर पसरलेली. फुलं यायची, मूठभर. ताई रोज सकाळी ती मोजल्यासारखी वेचायची आणि म्हणायची, "जमिनीत गेलं की बघ." तिच्या मनात ह्या घराबद्दल दुसरी काही इच्छा नव्हती. ते झाड जमिनीत जावं, आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून बसावं.

भावोजी म्हणाले होते, मला फक्त एक लहानसं टाकं हवं. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून खाली घ्यायचं आणि जमिनीखाली साठवायचं. लहानसं म्हणजे केवढं, ते तेव्हा कोणी विचारलं नाही. तिथेच फसलो.

ते रोज तिकडे जायला लागले. चुन्याची फक्की घेऊन जायचे आणि बागेत रेघा आखून यायचे. संध्याकाळी घरी आले की रेघा पुन्हा सुरू, वर्तमानपत्राच्या कडेला, ताटात पडलेल्या आमटीत बोटाने, एकदा तर माझ्या नव्या टेबलक्लॉथवर नखाने. पहिल्यांदा टाकं एका कोपऱ्यात होतं. मग त्यांना वाटलं, दोन पावसांमध्ये खंड पडला तर? कोपरा वाढला. मग वाटलं, नचिकेत आणि सूनबाई राहायला आले तर? नचिकेत त्यांचा मुलगा, सॉल्ट लेकला राहतो आणि सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसात काम करतो. तो वर्षातून दोनदा जेवायला येतो, आणि येताना पाण्याची बाटली घेऊन येतो. तरी त्याच्यासाठी टाकं वाढलं. पाहुण्यांसाठी वाढलं. कोरड्या वर्षासाठी वाढलं. मी म्हटलं, "भावोजी, कोलकात्यात कोरडं वर्ष?" तर म्हणाले, "पडत नाही तोपर्यंत नसतंच ते." तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, पण ह्यांनी तहान लागायचा संभव नसलेल्या गावात खणायला घेतली. मी बागबाजारची, मला राहवलं नाही. पूर्वी मराठे चालून येतील ह्या धसक्याने कोलकात्याच्या लोकांनी आमच्याच बाजूने खंदक खणायला घेतला होता, तो अर्धाच राहिला. मी ताईला म्हटलं, शेवटी मराठा आला आणि आता तोच खंदक पुरा करतोय. ताई हसली, पण अर्धीच.

कारण रेघ आता पारिजातकाच्या जागेपर्यंत आली होती. भावोजींनी झाडाची जागा भिंतीकडे सरकवली. मग तिथून नळी न्यायची ठरली, म्हणून झाड फाटकाकडे गेलं. फाटकाकडे ऊन नाही हे ताईने सांगितलं, तेव्हा पुन्हा रेघा पुसल्या, पुन्हा आखल्या. रात्रीची त्यांना झोप नाही, दिवसा ताईला चैन नाही, आणि दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी मी. वास्तुशांतीचा मुहूर्त पुढे गेला, मग आणखी पुढे. शेवटी एका संध्याकाळी भावोजी आले ते समाधानाने. टाकं बागभर घ्यायचं ठरलं होतं. वर फूटभर माती टाकायची, तिच्यात झेंडू, गवती चहा, हवं ते लावावं. फक्त मोठं झाड नको, मुळं नळीत शिरतात. पारिजातक डब्यातच बरा आहे, इतकी वर्षं राहिलाच की.

ताईने हातातली भाजी निवडणं थांबवलं.

"अहो, सबंध संसार मी तुमच्या बादल्यांमधून वाट काढत केला," ती म्हणाली. "त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या झाडाला जमिनीत जागा ठरेल त्या दिवशी मी त्या घरात पाऊल टाकीन. तोवर तुम्ही आणि तुमचं टाकं."

तिचा आवाज चढला नव्हता. ताईचा आवाज चढला की भांडण मिटतं. चढला नाही की मिटत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. मी घरी गेले, पण मला काही सुचेना. उतारवयात ही दोघं दोन घरांत राहणार की काय, ह्याचा मला खरोखर घोर लागला.

भावोजी मात्र थांबू शकत नव्हते, हेच त्यांचं दुखणं. बांधकामाला वेळ लागेल म्हणून त्यांनी प्लास्टिकची तयार टाकी मागवली, काळी, आडवी, भली मोठी. खड्डा खणला, टाकी उतरवली, भोवती वाळू आणि माती भरली. कंपनीची माणसं माती भरताना टाकीत पाणी सोडत गेली आणि जाताना बजावून गेली की ही कधी रिकामी ठेवू नका. नचिकेतने फोनवर तेच सांगितलं, त्याच्या बंगाली वळणाच्या मराठीत: "बाबा, ते लोक बोलले ना टाकी भरून ठेवायची, तर भरूनच ठेवा." ताईने माझ्याकरवी निरोप दिला, भरलेली राहू दे.

आता पाहा, ज्या माणसाने आयुष्यात एक भांडं रिकामं ठेवलं नाही, त्याने नेमकी ही टाकी रिकामी केली. मृग जवळ आला होता. त्यांच्या गावाची रीतच होती: मृगाआधी टाकं उपसायचं, खरवडायचं, कोरडं ठणठणीत करायचं आणि मग वाट पाहायची. टाक्यातलं पहिलं पाणी आभाळाचं. आधीच्या पाण्यावर नवं पाणी घ्यायचं नाही. पहिली मोठी सर छपराची, तिने छप्पर धुऊन निघायचं, म्हणून पन्हाळीची नळी तोवर सोडवून ठेवायची. भावोजींनी पंप लावून टाकी उपसली. ह्या वयात शिडी टाकून आत उतरले आणि जुन्या धोतराने ती पुसून काढली. नळी सोडवली. झाकणावर हळदकुंकू वाहिलं. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता, आणि तो दाखवायला माणूस मीच, कारण ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी म्हटलं, सगळे भरून ठेवा म्हणतायत. ते म्हणाले, "उष्ट्या पाण्यावर आभाळाचं पाणी घ्यायचं? आईने मला घरात घेतलं नसतं."

मृगाची वाट पाहावीच लागली नाही. उपसागरात कमी दाबाचा पट्टा आला आणि पाऊस जो लागला तो थांबेना. बालीगंजच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी, टॅक्सी नाही, रुळांवर पाणी म्हणून गाड्या बंद. भावोजी बाल्कनी ते न्हाणीघर, न्हाणीघर ते बाल्कनी. पहिली सर केव्हाच होऊन गेली होती. छप्पर धुऊन स्वच्छ झालं असणार, आता पडतंय ते सगळं चोख पाणी, आणि नळी सुटलेली. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं. दर थोड्या वेळाने ते चपला घालायचे, जिना उतरून पाण्यात उभे राहायचे आणि भिजून वर यायचे. त्यांचं जेवण सुटलं. बोलणं एकच: "वाया चाललंय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते असेच निथळत दाराशी उभे होते, हे ताईने पाहिलं. तिने टॉवेल आणून त्यांचं डोकं पुसलं. झाडाबद्दल ती बोलली नाही, त्यांनीही विचारलं नाही.

पाऊस उघडला तशी टॅक्सी मिळाली. ताई आपणहून पायात चपला घालून उभी राहिली. मी येते म्हणाली, बाहेरूनच बघीन. मीही निघाले.

फाटक उघडलं आणि आम्ही तिघंही तिथेच थांबलो. बागेच्या मधोमध माती फाटली होती आणि काळी टाकी जमिनीतून वर आली होती, डोहात बसलेली म्हैस पाठ वर काढते तशी. एका अंगावर कलंडलेली. झाकण बाजूला, कुंकू धुऊन गेलेलं. रिकाम्या टाकीला खालच्या पाण्याने उचलून बाहेर ढकलून दिलं होतं. वर पन्हाळीतून अजून थेंब पडत होते, मातीत.

भावोजी चिखलातून तिच्याभोवती फिरले. बोटांनी वाजवून पाहिली. पोकळ आवाज आला. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, आणि मी सहसा वाक्य गिळत नाही; पण ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं. भावोजी विटांच्या ओल्या ढिगावर बसले. पाय पसरून, हात मांडीवर टाकून, दिवसभर श्रम केलेला माणूस बसतो तसे.

टाकी साखळ्या लावून बाहेर काढली. पाड्यातल्या क्लबने ती दुर्गापूजेच्या मंडपात पाणी भरायला म्हणून आनंदाने नेली. कामगार खड्डा उपसून वाळूने बुजवणार होते. पंप लावला, तळ दिसला, आणि पंपाची नळी गुंडाळेपर्यंत खड्ड्यात पुन्हा पाणी. भावोजींनी बुजवू दिलं नाही. स्वतः पंप चालवला. पुन्हा तळ, पुन्हा पाणी. आता पाऊस नव्हता, कडक ऊन होतं, तरी पाणी येतच होतं, मातीच्या कडांतून, गाजावाजा न करता. ते रोज जायचे आणि उपसायचे. हा माणूस खुळावला अशी आता माझी खात्री झाली. ताईलाही भीती वाटली असावी, कारण एका सकाळी ती म्हणाली की चल, मी येते तुझ्याबरोबर.

आम्ही गेलो तेव्हा पंप बंद होता आणि भावोजी खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले होते. पाणी गढूळ, पण काठापाशी आलेलं. ताई फाटकाबाहेर उभी राहिली. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, पण ती आली हे त्यांना कळलं होतं.

"हेमा, हे कोण भरतंय गं?"

"कोणी नाही," ताई म्हणाली. "ते आहेच तिथे."

मग भावोजी म्हणाले, "आईला मी पाणी पिताना कधी पाहिलं नाही. आम्ही विचारायचो, तर म्हणायची, मला तहान नाही. आम्हांला खरंच वाटायचं." ते थांबले. "तिने त्या नळावर हात धरला होता. मी तिला ओढून नेलं. इथे आणून बसवायला हवी होती. नुसती बसली असती."

आणि मग ते रडले, आमच्या देखत, तोंड न झाकता. ताई फाटकातून आत आली. जागा ठरायच्या आधीच आली, हे मी पाहिलं; तिच्या ध्यानातही आलं नसावं. ती त्यांच्या शेजारी चिखलात बसली. मला तिथे उभं राहवेना, मी घराच्या पुढच्या बाजूला जाऊन उगाच भिंतीकडे पाहत राहिले आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी रंगाचा डबा स्वतः सोनारपूरला नेला. ताईने जागा दाखवली, खड्ड्याच्या अगदी काठावर. पत्रा कापायच्या कात्रीने त्यांनी डबा उभा चिरला. आत माती उरलीच नव्हती, नुसती मुळं, डब्याच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली. भावोजी ती बोटांनी एकेक सोडवत बसले, घाई न करता.

वास्तुशांत श्रावणात झाली. खड्डा तळं म्हणूनच ठेवला, आणि डास होऊ नयेत म्हणून ताईने त्यात मासे सोडले. भावोजींनी ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. अजून ते दिवसातून चारदा काठाशी जाऊन बांबू बुडवून पाणी बघतात. आता त्यांना काळजी अशी की ते वर येऊन झाडाच्या मुळांशी साचेल का. स्वभावाला औषध नाही. पण काळजी झाडाची आहे, म्हणून ताई काही बोलत नाही.

मी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हाची गोष्ट. सकाळी आंघोळीला म्हणून न्हाणीघराचं दार उघडलं आणि दारातच उभी राहिले. आत एकच बादली होती, धुतलेली, पालथी घातलेली. तिच्यावर तांब्या, तोही पालथा.

मी ताईला हाक मारली आणि हळूच विचारलं की हे तू केलंस का.

"नाही," ती म्हणाली. "त्यांची आंघोळ आत्ताच झाली."

मी दार लावून घेतलं. बादली सुलटी करून भरली, आंघोळ केली, आणि बाहेर येताना होती तशी पालथी घालून ठेवली.